नसलेल्या माणसांचं पाणी

कलहारीच्या वाळूखाली हिरे आहेत की नाहीत, हे त्या हिऱ्यांनाच ठाऊक; पण ते शोधायला लागणारा पैसा मात्र समुद्रापलीकडच्या एका बँकेत होता, आणि त्या बँकेची एकच अट होती. जिथे भोक पाडायचं तिथे कुणी राहत नसावं, आणि तिथलं पाणी कुणाचं नसावं. एवढंच डोळ्यांनी पाहून यायला बँकेने गाबोरोनेहून सेरुमोलाबाईंना धाडलं होतं. सोबत हिरे शोधणाऱ्या कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ रामोखुआ, आणि वाट दाखवायला मोइलवा.

मोइलवाबद्दल लोक सांगत, की शहामृगाच्या मादीने अंडं घालायचं ठरवलं, तर ते तिच्याआधी याला कळतं. थोडं वाढवून सांगत असतील. पण फार नाही. जन्म त्याचा याच रानातला. आता मात्र तो नव्या वसाहतीत पत्र्याच्या खोलीत राहायचा, नळाचं पाणी प्यायचा आणि कंपनीची टोपी घालायचा. झोपतानासुद्धा ती काढत नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती.

"रा मोइलवा," गाडी वाळूत डुलत असताना बाईंनी मागून, त्वाना भाषेतला मानाचा 'रा' लावून, विचारलं, "आपण बघायला चाललोय त्या त्सुरोच्या कोरड्या तळ्यापाशी कुणी राहतं का हो?"

"कोण राहणार, मा? तिथे तरससुद्धा बसत नाही. बसलं तर बूड भाजतं!"

"आणि पाणी?"

"पाणी? तिथले बेडूक पोहायला न शिकताच म्हातारे होतात!"

बाई हसल्या. रामोखुआ हसला, जरा जास्तच. मोइलवा पुढे बघत राहिला. बाईंना तळ्याचा ओसाड काठ तेवढा दाखवून परत आणायचं, असं ठरलं होतं. परक्याला पाण्याबद्दल खोटं सांगायचं, हा तर त्याच्या लोकांचा धर्मच! वाळूतल्या झऱ्यावर वाळू लोटायची, वर गवत पसरायचं, पावलं पुसायची, आणि कुणी विचारलंच तर छातीवर हात ठेवून सांगायचं, इथे पाणी नाही. आजे-पणजे असंच करत जगले. पण त्या आज्या-पणज्यांना खोटं बोलण्याचा पगार कुणी देत नव्हतं. एवढा फरक मोइलवाला कळत होता. म्हणून तर त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

दुपारी गवत वाढत गेलं. गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. कलहारीच्या गवताचं बी म्हणजे मोठं चिवट. गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं आणि तापायची वाट बघतं. मोइलवाने दोनदा गाडी थांबवून ते खरवडून काढलं. तिसऱ्यांदा तो उतरणार, तोच रामोखुआ म्हणाला, "अहो, असंच करत राहिलो तर पोचेपर्यंत हिऱ्यांचा कोळसा होईल!"

कोळसा झाला, पण गाडीचा! आधी धुराचा वास आला. मग पायाखालचा पत्रा चटकला. "उतरा!" मोइलवा ओरडला. बाई दारातून कोसळल्या. रामोखुआ खिडकीतून निघाला. ज्वाळा छपरावर चढल्या, पाण्याची प्लॅस्टिकची पिंपं मेणासारखी वितळली, आणि सगळं पाणी एका फुत्कारात वाफ होऊन गेलं. फोन जळला. खाणं जळलं. उरली एक बाटली, बाईंच्या पिशवीतली, अर्धी.

कंपनीच्या छावणीतली माणसं शोधायला येणार, हे नक्की होतं. पण वाट पाहायला घोटभर पाणी हवं. पाणी होतं! उत्तरेला, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, अगदी त्सुरोपाशी, सेग्वाग्वाआजीच्या झोपडीसमोर. मोइलवाने उत्तरेकडे पाहिलं. मग त्याने पूर्वेकडे बोट केलं.

"इकडे चला. तिकडे रानकलिंगडांचं बन आहे. कापून पिऊ."

तिघं चालू लागले. वाळू अशी तापलेली, की मोइलवा नंतर सांगायचा, आपली सावलीसुद्धा एक पाय उचलून चालत होती! वाटेत एका काटेरी झाडाखाली ते टेकले, तर समोरच्या गवतातून सिंह उठला. आयाळ काळी, पोट खपाटीला. रामोखुआ झाडावर चढला, आणि त्या झाडाला धड फांदी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"पळू नका!" मोइलवा उभा राहिला. टाळ्या पिटत तो थेट सिंहाकडे निघाला. "अरे आळशा! बायकोने घरातून हाकललं वाटतं? तिने मारलेलं खायचं आणि वर मिशा पुसायच्या! ऊठ, जा, लाज असेल तर जा!"

सिंहाने कान पाडले. थोडं गुरगुरला. आणि खरंच वळून गेला! त्या दिवसापासून त्सुरोकडचे सिंह आपली शिकार आपण करतात, असं मोइलवाचं म्हणणं होतं.

"त्याला काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"लाज काढली त्याची," मोइलवा म्हणाला. आणि स्वतःच्याच शब्दाने त्याचं तोंड कडू झालं.

कलिंगडांचं बन आलं. म्हणजे बनाची जागा आली. गेल्या साली कंपनीच्या यंत्रांनी जमीन तपासायला एक सरळ वाट कापली होती. ती बरोबर त्या वेलांवरून गेली होती. सुकलेले देठ, चेंगरलेल्या साली, आणि चाकांच्या खुणा. त्या यंत्रांपुढे चालत "इकडून या, इकडे झाडं कमी आहेत," असं सांगणारा माणूस हीच टोपी घालून होता.

बाटली संपली. संध्याकाळी बाई बसल्या त्या उठेनात. ओठ फुटले होते. त्या गाबोरोनेतल्या आपल्या बहिणीशी बोलू लागल्या, ती जणू शेजारीच बसली आहे अशा.

"मोइलवा, काहीतरी करा!" रामोखुआ रडकुंडीला आला.

गुपित राखावं, तर बाई मरणार. पाणी दाखवावं, तर नोकरी जाणार आणि खोटं उघडं पडणार. हा हिशोब करायला त्याला किती वेळ लागला, ते त्याने कुणालाही कधी सांगितलं नाही. लागायला नको होता, एवढंच म्हणायचा.

त्याने बाईंना पाठीवर घेतलं आणि तो उत्तरेकडे वळला.

पहाटे त्सुरोचा पांढरा काठ दिसला. गवताच्या चार झोपड्या, दोन शेळ्या. आणि झोपडीतून वाकून बाहेर येत असलेली सेग्वाग्वाआजी. त्यांच्या लोकांत आजी-नातवाचं नातं थट्टेचं; अदबीने बोलायचं ते परक्यांशी. मोइलवाला जन्मल्यापासून तिने एकदाही धड हाक मारली नव्हती.

"आला का माळढोक!" ती खणखणीत ओरडली. "पाय बघा मेल्याचे, काटक्या बऱ्या! आणि पाठीवर काय आणलंस? दुसरी बायको? पहिलीला पोसवेना, आणि ही तर चालतसुद्धा नाही!"

मोइलवाला हसू आलं, आणि हसताना ओठातून रक्त. "पाणी दे, म्हातारे. मग शिव्या दे."

आजीने वाळू उकरली. पोकळ नळीच्या टोकाला गवताचा बोळा बांधून तिने ती ओल्या थरात खुपसली, भोवती वाळू दाबली आणि चोखायला लागली. गाल आत गेले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. कितीतरी वेळ नुसती हवा! मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून, एका काडीवरून ओघळत, थेंब थेंब पाणी शहामृगाच्या अंड्याच्या कवचात उतरू लागलं. ते कवच आजीने बाईंच्या ओठांना लावलं.

बाई पाणी प्याल्या. डोळे उघडले. झोपड्या पाहिल्या, शेळ्या पाहिल्या, म्हातारी पाहिली. आणि साध्या नवलाने, त्वाना भाषेत, त्या म्हणाल्या,

"पण रा मोइलवा, इथे कुणी राहत नाही म्हणाला होतात ना?"

आजीला त्वाना कळत होती. तिने नळी पुसली.

"असं म्हणाला?"

मोइलवाने खाली पाहिलं. आजीने मोइलवासाठी झोपडीतलं चांगलं कातडं आणून सावलीत अंथरलं. कवच दोन्ही हातांनी पुढे केलं.

"आपण दमला असाल. घ्या, पाणी घ्या."

"म्हातारे, असं नको बोलूस," मोइलवा कळवळला. "शिवी दे. चार दे!"

"नसलेली माणसं थट्टा कशी करतील, पाहुणे?" आजी म्हणाली, अगदी नम्रपणे.

सिंहाचा पंजा परवडला असता!

तेवढ्यात झोपडीमागून रामोखुआची आरोळी आली. "सापडलं! सापडलं!" तो वारुळाशी गुडघे टेकून बसला होता. वाळवीने खोलातून वर आणलेल्या मातीत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल कण चमकत होते. हिऱ्यांचे सोबती! खाली हिऱ्यांचा खडक असल्याची अशी खूण त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तो धावत आला, मोइलवाच्या कानाशी लागला. "ऐका, म्हणा की ही माणसं शेळ्या चारायला येतात आणि जातात. एवढंच! वाट दाखवणाऱ्यांचा मुकादम करतो तुम्हाला. गाडी देतो!"

बाई उठून बसल्या होत्या. "रा मोइलवा, आता नीट सांगा. इथे कोण राहतं? हे पाणी कुणाचं?"

मोइलवाने टोपी काढली.

"ही सेग्वाग्वा. तिची बहीण, तिचा जावई, त्यांची पोरं. हे पाणी त्यांचं. त्याआधी तिच्या आईचं. तिच्या आईला त्या बाभळीखाली पुरलंय, खड्डा मी खणलाय. कलिंगडं होती, ती मी तुडवायला लावली. आणि कुणी नाही, हेही मीच म्हणालो. पगार घेऊन म्हणालो."

रामोखुआ मटकन बसला. मुठीतले लाल कण वाळूत सांडले.

शोधायला निघालेला ट्रक जळालेल्या गाडीपासून माग काढत आला. बाई चढताना आजीचे हात धरून म्हणाल्या, "बँकेला मी जे पाहिलं तेच सांगेन. इथे भोक पाडायला आमचा पैसा येणार नाही." त्यांनी शब्द पाळला, आणि त्सुरोखालचे हिरे अजून तिथेच आहेत. रामोखुआ चढला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"गाडी आपल्यासाठी थांबली आहे," आजी मोइलवाला म्हणाली.

मोइलवा गाडीकडे गेला नाही. तो झऱ्यापाशी पालथा पडला, नळी तोंडात धरली आणि चोखू लागला. ट्रकचा आवाज विरला. ऊन डोक्यावर आलं. नुसती हवा! वसाहतीतल्या नळामुळे त्याचे गाल चोखणं विसरले होते. त्याने जोर लावला, बोळा सुटला आणि तोंडभर वाळू आली. तो खोकला, थुंकला, नाकातून वाळू काढत बसला.

पोरं खदखदून हसली.

"गप्प!" आजी त्यांच्यावर डाफरली. "पाहुण्याला हसू नये."

मोइलवाने बोळा पुन्हा बांधला आणि नळी खुपसली.