हुकाजवळ उभा

दिवसाढवळ्याची गोष्ट आहे बरं का. भुतं रात्रीच निघतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते विसरा. त्यातून अणुभट्टीशेजारच्या त्या दालनाला खिडकीच नव्हती. आत बारा महिने तोच पांढरा उजेड, पंपांची घरघर आणि तापलेल्या तारांचा वास.

ताई सकाळपासून बांधकामावरच्या एका क्रेनचा हुक पुसत होती. मनगटाएवढा जाड, पोलादाचा, मानेपाशी तुटलेला. हाच हुक तुटला, क्रेन झटक्याने मागे उलटली आणि केबिनमध्ये बसलेला तिचा थोरला भाऊ गेला. कंपनीने हात झटकले. दादाने झेपणार नाही एवढं वजन उचललं, लवकर काम उरकायची हाव नडली, असं ठरवून ती मोकळी झाली. लोक काय, तोंडाला येईल ते बोलत होते. आईने तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

ताईला ते पटलेलं नव्हतं. हुक घडवल्यावर नीट थंड केला नाही, तर पोलादाच्या पोटात ताण अडकून बसतो. वरून काही दिसत नाही. पण न्यूट्रॉनचा झोत पोलादात खोलवर शिरतो, अणूंच्या रांगांवरून विखुरतो आणि रांगा ताणलेल्या असतील तर पडद्यावरच्या आलेखाचं शिखर जागचं सरकतं. ते दिसलं की दादा सुटला. अणुभट्टीवरच्या तिच्या साहेबांनी हो-ना करत परवानगी दिली होती, तीही मोजणी दुसऱ्या कोणासमोर करायची या अटीवर. अणुभट्टी त्याच संध्याकाळी दुरुस्तीसाठी बंद व्हायची होती आणि हुक कंपनीकडे परत जायचा होता. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

समोर होते बॅटरीकाका. झोत सोडण्याआधी खोलीचा कोपरा न् कोपरा बॅटरी मारून बघायचा, हाक मारायची, मग बाहेरून दार लावून किल्ली फिरवायची, हे त्यांचं काम. किल्ली फिरल्याशिवाय झोत सुटतच नाही. "आत मांजर जरी राहिलं ना, तरी माझं पेन्शन गेलं," हे ते दर खेपेला म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले.

"आत कोणी आहे का?"

कोणी नव्हतं. दार लागलं, झोत सुटला.

पडद्यावर शिखर यायला हवं होतं. आलं नुसतं धुकं.

"तेल राहिलं असेल हुकाला," काका म्हणाले. तेलात, पाण्यात हायड्रोजन असतो. तो न्यूट्रॉन चहूकडे उधळून लावतो आणि त्या गदारोळात शिखर बुडून जातं. ताईने हुक पुन्हा धुतला, कोरडा केला. पुन्हा बॅटरी, पुन्हा हाक, पुन्हा किल्ली. धुकं कमी होण्याऐवजी वाढलं.

"एवढं व्हायला बादलीभर पाणी लागेल, काका."

"नाहीतर माणूस..." काका बोलून गेले आणि चपापले. माणसाच्या अंगात तरी दुसरं काय असतं, निम्म्याहून जास्त पाणीच. त्यांनी झोत बंद केला आणि परत खोली पाहिली. बाहेर आले ते बॅटरी विझवायचंही विसरून.

"कोणी नाही. पण हुकाजवळ... घामाचा आणि सिमेंटचा वास येतोय."

ताईचं लक्ष नव्हतं. झोत परत सुटला तशी ती पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत बसली. आकडे चढायचे, जरा अडायचे, मग उतरायचे. चढायचे, अडायचे, उतरायचे. आणि एकदम तिने तो ताल ओळखला. लहानपणी दोघं एकाच खोलीत झोपायची. न्यूमोनियातून उठल्यापासून दादा श्वास घेताना असाच अडखळायचा. अंधारात तो श्वास ऐकू आला की मगच हिला झोप लागायची. आधी तिला रडू आलं. भीती नंतर वाटली.

"बंद करू या, ताई. माझं ऐका."

"आज शिखर दिसलं नाही, तर तो कायमचा हावरट ठरेल, काका."

आता याला काय म्हणावं? ज्याच्यासाठी जिवाचं रान करायचं, तोच वाटेत उभा! ताईने झोत बंद केला आणि ती एकटीच आत गेली. काका दाराशी थांबले. आत चांगलाच गारठा होता.

"दादा..." ती हुकासमोर थांबली. "बाजूला हो ना रे. तू इथे असलास की मला काही दिसत नाही." कोणी हललं नाही. "तुझं काही चुकलेलं नाही. ते मला दाखवू दे सगळ्यांना. तू जा... घरी जा. आई वाट बघतेय."

तोंडातून निघून गेलं. गेलेल्या माणसाला घरी जा म्हणू नये, तो एकटा येत नाही म्हणतात; एवढं भान तिला त्या वेळी कुठून असणार? हळूहळू वास विरला. गारठा ओसरला. दाराशी उभे असलेले काका भिंतीला चिकटून बाजूला झाले, आणि का झालो ते त्यांना सांगता येईना.

ताई बाहेर आली, पुन्हा किल्ली फिरली आणि मग मात्र शिखर आलं. स्वच्छ, टोकदार आणि जागचं सरकलेलं. ताण होता, तोही बरोबर मानेपाशी, हुक घडवला तेव्हापासूनचा. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सुटला हो तुमचा दादा," ते म्हणाले.

ताई फोनकडे धावली.

"आई, दादाची काही चूक नव्हती! हुकच खराब होता!"

पलीकडून आई कुजबुजली, "हळू बोल गं. आत्ताच आडवा झालाय तो. तूच पाठवलंस म्हणाला."

ताईने फोन कानाशी घट्ट धरला. "आई... तू दार उघडलंस?"

"म्हणजे काय? पोटच्या पोराला बाहेर ताटकळत ठेवू?" किती महिन्यांनी आईच्या आवाजात असा जीव आला होता. मग ती जरा घुटमळली. "पण बाळा, त्याच्या मागोमाग जे आत आलंय ना... ते कोण गं? केव्हाची खुर्ची पुढे केलीय. बसतच नाही. नुसतं उभं राहून माझ्याकडे बघतंय."