घर ओढायला आलेली

"बूट झटका आधी! अख्खं वाळवंट बसमध्ये आणताय."

"वाळवंट मागे सोडून निघालोय, बाई. थोडं चिकटून आलं तर रागावू नका."

उत्तरेच्या वाळवंटातल्या कलामा शहराच्या बसस्थानकावर एल्बाने रेनानला पहिल्यांदा पाहिलं ते असं, त्याच्या बुटांवरून. ती बसवर कंडक्टर होती. तिकिटं बघायची, कॉफी द्यायची, कांबळी वाटायची. तो तांब्याच्या खाणीत ट्रक चालवायचा. आठवडा काम, आठवडा सुट्टी. प्रत्येक सुट्टीला तो तिच्याच बसला येऊ लागला, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा मिशीत हसायला लागला.

"तुमच्याबरोबरचे सगळे विमानाने जातात म्हणे," एल्बा एकदा म्हणाली.

"विमानात अंगावर कांबळं घालणारं कुणी नसतं."

"मी कुणाला घालत नाही."

"मागच्या खेपेला घातलंत."

"तुम्ही झोपला होतात!"

"डोळे मिटले होते..."

एल्बा कानापर्यंत लाल झाली. त्या खेपेला बाकीच्या प्रवाशांना कॉफी जरा उशिराच मिळाली.

पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं. एके दिवशी खिडकीबाहेर बघत रेनान म्हणाला, "आईचं घर हलवायचंय. येशील — ओढायला?"

"घर? ओढायला?"

"आमच्या चिलोए बेटावर, तिकडे दक्षिणेत, ओढतात. लाकडाचं असतं. खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, गाव दोराला लागतं. समुद्र आमचा किनारा खात चाललाय... घर वर, शेजाऱ्याच्या शेतात न्यायचंय."

मुलगा आईचं घर दाखवायला नेतो, याचा अर्थ वाळवंटातल्या मुलीलाही कळतो. एल्बाने रजा टाकली.

दोघं निघाली ती देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे. सांतियागोच्या स्थानकावर एकच सॉसेजचा पाव दोघांत खाल्ला. रेनानच्या हनुवटीला अवोकाडो लागला, तो एल्बाने बोटाने पुसला, आणि मग दोघंही उगाच दुसरीकडे बघत बसली. पुढे हिरवं सुरू झालं. पाऊस लागला. एल्बाने आयुष्यात मोजका पाऊस पाहिलेला, तिने खिडकीची काच सरकवून कोपरापर्यंत हात बाहेर काढला.

"एल्बा, ऐक ना..."

"बोल."

"काही नाही. ते बघ, ज्वालामुखी."

असं त्याने बऱ्याचदा केलं. बिचाऱ्याला लग्नाचं विचारायचंय आणि जीभ रेटत नाही, असं एल्बाला वाटलं. ती मनातल्या मनात हसली आणि 'हो' कसं म्हणायचं ते ठरवून ठेवलं.

चिलोएला पोचली तेव्हा सगळं गाव चिखलात उभं होतं. बैलजोड्या तयार होत्या. घर खरंच ओंडक्यांवर चढवलेलं होतं, मागची भिंत समुद्राकडच्या कड्याच्या अगदी टोकावर आलेली. एक तरतरीत मुलगी खिडकीला मापाची टेप लावत होती.

"पडदे बदलणारेय," ती एल्बाला हसून म्हणाली. "हा हिरवा रंग मला नाही आवडत. मी एदिता."

"हे... तुमचं घर?"

"आमच्या शेतात येतंय म्हणजे आमचंच की! बाबा जमीन जावयाला देतात, शेजाऱ्याला नाही." टेप गुंडाळत ती लाजली. "रेनान बोलला नाही? लाजाळूच आहे मेला."

एल्बाला पायाखालचा चिखल एकदम खोल वाटला. तिने रेनानला बैलांच्या आडोशाला गाठलं.

"कधी ठरलं?"

"निघायच्या आठवडाभर आधी. फोनवर... दुसरं कुणी जागा देईना, एल्बा. या हिवाळ्यात समुद्र घर घेऊन जाईल. आईला दुसरं काय आहे?"

"मग मला कशाला आणलंस?"

"वाटलं, वाटेत सांगीन."

"वाटेत! एवढा लांबलचक देश ओलांडला रे आपण. एक वाक्य सापडलं नाही तुला?"

तो बैलाच्या शिंगावरून हात फिरवत राहिला. "वाटलं, तुला बघून आईच म्हणेल, राहू दे ते घर..."

"म्हणजे नकारसुद्धा आईनेच द्यायचा!"

"तू सांग. तू म्हणालीस तर आत्ता थांबवतो."

एल्बाला तो त्या क्षणी फार आवडला आणि त्याचा फार संतापही आला. पलीकडे त्याची आई, दोन्या क्लोरिंदा, म्हणजे गावाची क्लोरिंदाबाई, प्रत्येकाच्या हातात गरम बटाट्याचा पाव ठेवत होती. दारोदार जाऊन तिने ही माणसं विनवून आणली होती, डोक्याचा ओला रुमाल कपाळावर तसाच.

"मी नाही सांगणार," एल्बा म्हणाली. "तुझं ओझं तूच उचल." आणि तिने दोर धरला.

"हईशा!" कुणीतरी ओरडलं. घर कुरकुरलं, हललं. एल्बाने असा जोर लावला की तळहात सोलवटले. रडायला निमित्त बरं मिळालं. पावसात कुणाला काय कळतंय?

दुपारी घर एदिताच्या शेतात बसलं. रीतीप्रमाणे जेवणाची पंगत झाली. दोन्या क्लोरिंदाने एल्बाच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला.

"कुणाची गं तू, पोरी? बैलासारखी ओढलीस."

"बसवरची. रेनान आमचा प्रवासी."

"आता आमच्यावर तुझं उसनं राहिलं. इथली रीतच आहे. तुझं घर हलवायचं असेल तेव्हा नुसता निरोप धाड, माझा रेनान कुठेही असला तरी येईल. यावंच लागतं त्याला."

रेनान मागेच उभा होता. सकाळपासून पहिल्यांदाच तो तिच्याकडे सरळ बघत होता.

"माझं घर अजून व्हायचंय, दोन्या," एल्बा म्हणाली. "झालं की कळवीन. पण... याला नका पाठवू. दुसरं कुणीही पाठवा."

म्हातारीच्या हातातली पळी थांबली. तिने एल्बाकडे पाहिलं, मग लेकाकडे. मग सोलवटलेले ते हात आपल्या हातात घेतले. तिला सगळं कळलं होतं, पण घर आता जागेवर बसलं होतं.