डाव्या सीटची थरथर

चौसाळ्याच्या पुढं, हायवेच्या कडेला बद्रीनाथ मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्या दुष्काळाच्या वर्षी, भर मे महिन्यात, तिथं एक लाल गाडी आली आणि गावाला करमणूक झाली. गाडी दोनच माणसांची, बुटकी, जमिनीला पोट घासेल अशी. मालक कोण, तर सहकारी दूध संघाचा चेअरमन शहादेव. चाऱ्यावाचून संघाचं दूध निम्म्यावर आलं होतं, तेव्हा लोक म्हणायचे की म्हशी आटल्या आणि चेअरमनला पान्हा फुटला. शहादेव हसून सोडून द्यायचा. लहानपणी याच रस्त्याच्या कडेला उभा असताना तसली एक गाडी त्याच्यासमोरून सर्रकन गेली होती, ती त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. नवी झेपणारी नव्हती, म्हणून त्यानं पुण्याहून वापरलेली आणली.

त्याची बायको मुक्ता मात्र हसली नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, एवढंच ती म्हणाली. टँकरचा भरवसा नव्हता. घरात तांब्या-तांब्याचा हिशेब चाललेला, आणि हा माणूस रोज संध्याकाळी ओलं फडकं घेऊन त्या गाडीचं अंग पुसायचा. घाई नाही, गडबड नाही, कडेकडेनं, बोट घालून. मुक्ता ओट्यावरून बघायची. इतक्या वर्षांच्या संसारात या हातानं आपला घाम कधी असा पुसला का? लोखंडाचा हेवा करण्याइतकी आपण खुळी नाही, असं ती स्वतःला बजावायची आणि पुन्हा बघत बसायची.

तिचा हेवा खुळा होता असं मी म्हणणार नाही. संघ उभा राहिला तेव्हा गावोगाव दूध गोळा करणारा पहिला पिकअप मुक्तानं चालवला होता, कारण शहादेवला तेव्हा धड गिअर टाकता येत नव्हता. तो शेजारी कॅन धरून बसायचा. पुढं तो चालवायला शिकला, ती शेजारी सरकली. पुढं तो चेअरमन झाला, शेजारी ती होतीच. मूलबाळ झालं नाही, जमीन सासूच्या नावावर. त्याच्या शेजारची जागा, एवढीच काय ती मुक्ताच्या मालकीची वस्तू होती.

पहिल्यांदा ती दोघं त्या गाडीतून पाटोद्याला बारशाला निघाली. शंभरपर्यंत गाडी गुमान गेली. काटा एकशेदहाला टेकला आणि थरथर सुरू झाली. आधी सीटच्या आतून, खोलवर कुणीतरी दात वाजवावेत तशी. मग ती पाठीत चढली, मानेत आली. हातातल्या बांगड्या आपोआप किणकिणायला लागल्या. मुक्तानं दारं, काच, डॅशबोर्ड चाचपून पाहिलं. सगळी थरथर तिच्याच बाजूला होती. शहादेवच्या हातातलं स्टिअरिंग मात्र स्थिर होतं. वेग शंभराच्या खाली आला की सगळं बंद. पाटोद्यात उतरल्यावर तिला धड उभं राहता येईना.

दुसऱ्या दिवशी गाडी बद्रीनाथकडे गेली. बद्रीनाथ बोलका आणि स्वतःवर खूश माणूस. गाडीचं दुखणं म्हणजे पोटदुखी नव्हे, ओवा चावला आणि झालं, असं सांगत त्यानं काम सुरू केलं. त्याची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. म्हणजे खोट कुठं आहे ते आपोआप उघडं पडतं. त्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट पाहिली. पुढची चाकं मागं टाकली, कारण खोट टायरात असेल तर थरथरही मागं जायला हवी. ती गेली नाही. भर वेगात गाडी न्यूट्रल करून पाहिली, कारण खोट इंजिनात असेल तर ती तिथं थांबायला हवी. तसंही झालं नाही. इंजिनाखालची रबरं बदलली, शाफ्ट सोडवून पुन्हा बसवला. दर दुरुस्तीनंतर तो शहादेवच्या शेजारी बसून चक्कर मारायचा, गाडी लोण्यासारखी जायची, आणि तो मिशीवर हात फिरवायचा. मग मुक्ता बसायची आणि एकशेदहाला बांगड्या किणकिणायच्या.

असं पुन्हा पुन्हा झाल्यावर बद्रीनाथनं पाना खाली ठेवला. त्यानं डाव्या सीटवर मुक्ताच्या वजनाचं सरकीच्या पेंडीचं पोतं ठेवून पाहिलं. गाडी शांत. शहादेवची आई, चतुराबाई, हिला बसवून पाहिलं. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं, म्हणाली ती. शेवटी पुन्हा मुक्ताला बसवलं आणि बद्रीनाथ स्वतः चालवायला बसला. गाडी शांत. तसाच तो उतरला आणि त्यानं आपल्या जागी शहादेवला बसवलं. काच तडकते की काय असा आवाज झाला.

गॅरेजात परत आल्यावर बद्रीनाथ बराच वेळ बोळ्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला. "गाडीत खोट न्हाई. तुमी साहेबांच्या बाजूला बसला, की हालती."

शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेले हसले. ते हसू दिवस मावळायच्या आत गावभर झालं. त्याचं मुक्ताला एवढं लागलं नाही. लागलं ते शहादेवचं बोलणं. आता माझा नवरा बद्रीनाथला चार शब्द सुनावील म्हणून ती वाट बघत होती, आणि तो अगदी सहज, मिठाची पुडी राहिली असं सांगावं तसं म्हणाला, "मग तू नको बसू की."

तेव्हापासून तो एकटा जायला लागला. दुपारचं जेवण झालं, की टेस्ट मारून येतो म्हणून निघायचा. आता कसली टेस्ट, असं विचारायची सोय नव्हती. उन्हं कलल्यावर परत यायचा आणि फडकं घेऊन पुसायला बसायचा. जेवताना समोर असून नसल्यासारखा. मुक्ता काही बोलली तर एखादं गाणं मध्येच थांबवलं असावं तशा नजरेनं तिच्याकडे बघायचा.

एका सकाळी धूळ झटकायला म्हणून ती गाडीत डाव्या सीटवर बसली आणि तिचे गुडघे डॅशबोर्डवर आपटले. मुक्ता उंच बाई. सीट कुणीतरी पुढं ओढली होती. तिनं ती मागं सरकवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सीट पुन्हा पुढं, बुटक्या बाईला बसायला बरोबर होईल एवढी. तिसऱ्या दिवशीही तसंच.

आता हे काय ते कुठल्याही बायकोला कळतं. मुक्ताच्या मनात सरळ एक नाव आलं. संघात दुधाची फॅट मोजणारी एक बाई होती, बुटकी, हसरी, चेअरमनसाहेब आले की कपाळावरची बट सावरणारी. मुक्ता तडक संघात गेली. जाताना तिनं काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. तिथं कळलं, की ती बाई होळीलाच बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे. मुक्ता परत आली ती आणखी जळत आली. ज्या बाईला नाव आहे तिच्याशी भांडता तरी येतं.

रात्री तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याचा कान लाल व्हायचा, तो झाला नाही.

"कोन बसंल त्यात? मी एकटाच असतो," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, कुशीवर वळत, हलक्या आवाजात, "सीट मागं सरकवीत जाऊ नको. काहून त्रास देती तिला?"

"कुणाला?"

"गाडीला," तो म्हणाला. पण मध्ये क्षणभर गेला होता.

मुक्ता जागीच होती. बद्रीनाथची रीत तिच्या डोक्यात घोळत होती. चाकं बदलून झाली, रबरं झाली, डाव्या सीटवरची माणसं झाली. तिनं शेजारी शहादेवला ठेवून स्वतः चालवलं, असं मात्र एकदाही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तिनं किल्ली उचलली आणि म्हणाली, आज मी चालवते, तुम्ही माझ्या जागेवर बसा. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो मुकाट्यानं येऊन बसला.

दुपारचा हायवे तुम्ही दुष्काळात पाहिला नसेल. नजर जाईल तिथवर रस्ता, आणि त्यावर नसलेलं पाणी चमकत असतं. माणूस नाही, पाखरू नाही. डाव्या हाताला चारा छावणी होती. शेकडो जनावरं उभी होती आणि एकही हंबरत नव्हतं. उसाच्या वाळलेल्या वाढ्यांचा आणि मुताचा उग्र वास बंद काचेतून आत आला, जरा वेळ राहिला आणि गेला. पुढं माळरान, माळरानापलीकडे साखर कारखान्याची धूर नसलेली चिमणी. मुक्तानं पाय दाबला. नव्वद. शंभर. एकशेदहा.

थरथर नव्हती.

एकशेवीस झाले. गाडी दुधावरच्या सायीसारखी निवांत चालली होती. मुक्ताला मोठ्यानं हसावंसं वाटलं. म्हणजे काही नव्हतंच. कुठला तरी नट ढिला असेल, बसला असेल जागेवर. उगाच आपण मनाला लावून घेतलं, एवढ्या चांगल्या माणसावर संशय घेतला. दोघं पुन्हा पिकअपमध्ये बसल्यासारखी बसलोय, एवढं त्याला सांगावं म्हणून ती डावीकडे वळली.

थरथरत होता तो शहादेव.

सीट स्थिर होती. काच स्थिर होती. शहादेवचे गुडघे, खांदे, गालाचं मांस, सगळं बारीक, जलद, एका लयीत हलत होतं, आणि त्याचे दात वाजत होते. तो आवाज मुक्तानं ओळखला. आणखी एक तिच्या ध्यानात आलं. तो पुरत्या सीटवर बसलेला नव्हता. भरलेल्या काळी-पिवळी जीपमध्ये कुणाला जागा द्यायला माणूस अंग चोरतो, तसा तो दाराला चिकटून बसला होता. उरलेली अर्धी सीट रिकामी होती. ती त्याच्या आणि तिच्या मध्ये होती.

"अहो... काय होतंय तुम्हाला?"

"हळू घे..." त्याचे शब्द दातांत मोडत होते. "हळू घे, मुक्ता... तिला सोसत न्हाई..."

तिचा पाय आपोआप वर आला. शंभरच्या खाली काटा उतरला आणि तो शांत झाला. त्याचे खांदे सैल पडले. मग तो हसला. असा हसताना तिनं त्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, नंतर कधी नाही. ते हसू तिच्यासाठी नव्हतं. त्याची नजर मधल्या रिकाम्या जागेवर होती, जरा खाली, बुटक्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं. आणि तो हलकेच मान डोलवत होता, कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी.

मुक्ताला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण त्याआधी मत्सर आला, आणि एवढा आला की भीतीला उभं राहायला जागा उरली नाही. माझ्या डोळ्यांदेखत... माझ्या शेजारी... तिनं पाय दाबला. काटा चढला, आणि शहादेवच्या तोंडावरचं हसू थरथरत मोडून गेलं. तो कळवळला. तिला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. दात वाजवीत का होईना, तेवढा वेळ तो दुसऱ्या कुणाकडे बघून हसत तर नव्हता. मांजरसुंब्यापर्यंत ती तशीच गेली. पण वळवायला तर वेग कमी करावाच लागतो. वळताना तो पुन्हा हसला. परतीलाही तिनं पाय उचलला नाही. "सोड म्हणा तिला..." ती एकदाच पुटपुटली, आणि आपण हे कुणाला सांगतोय ते तिलाच कळेना. रस्ता कितीही सरळ असला, तरी घर यायचं ते येतंच.

अंगणात गाडी लावून तिनं इंजिन बंद केलं. शहादेव आपल्या बाजूनं उतरला, पण त्यानं दार लावलं नाही. एका हातानं दार धरलं, दुसरा हात वरच्या कडेखाली ठेवला, डोकं आपटू नये म्हणून ठेवतात तसा, आणि तो उभा राहिला. पदर सावरून वाकून बाहेर यायला एखाद्या बाईला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मुक्तासाठी त्यानं कधी दार धरलं नव्हतं. मग ते अलगद लावून तो घराकडे निघाला, आपली चाल जरा आखूड करून.

ओट्यावर, दाराच्या वाटेतच, चतुराबाई पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती. लेक आला तसे तिनं वर न बघता पाय आवरून घेतले. तो आत गेला. तिनं पाय पसरले, आणि लगेच, तांदळातून नजर न काढता, पुन्हा आवरून घेतले.

मुक्ता अजून गाडीतच होती.