हरकती : दोन

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. माझ्या आत्याला खोटं बोलता येत नाही, आणि ही गोष्ट तिची आहे.

अंधार नव्हता. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. शहराच्या कौन्सिलच्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह. माणसं एकोणीस. त्यातल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलं.

कबूल मात्र कुणीच करत नाही.

आत्या तिथे सभेचं इतिवृत्त लिहिते. कोण काय बोललं, काय ठरलं, सगळं तिच्या वहीत. त्याआधी ती खाली आवक टपालाच्या खिडकीत बसायची. आलेला अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, वर पाठवायचा.

तिथेच तिची ओळख शिट्टीकाकाशी झाली.

इमारतीमागच्या बागेचा तो रखवालदार. बाग छोटीच. चार बाक, एक घसरगुंडी, मधोमध दिव्याचा खांब. बाग बंद करताना तो तीन शिट्ट्या मारायचा. तिसरी वाजली की कुलूप. पोरं त्याला शिट्टीकाका म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले.

खांबाची वायर उघडी पडली होती. त्याने अर्ज दिला. मग दुसरा. मग तिसरा.

"ताई, पोरं हात लावतात हो तिथे," तो खिडकीत उभा राहून सांगायचा.

"वर पाठवते, भाऊ."

असे अकरा अर्ज. अकरा शिक्के आत्याच्याच हातचे. वर त्यांचं काय झालं, तिने कधी विचारलं नाही. शिक्का मारला की आपलं काम संपलं, असं तिला वाटायचं.

एका ओल्या संध्याकाळी एक मुलगी चेंडू आणायला खांबाकडे धावली. शिट्टीकाकाने तिला ढकललं. ती वाचली.

तो चिकटला.

चौकशी झाली. अहवालात एकच ओळ होती. मृत्यू रखवालदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

बागेला कुलूप लागलं. दीड वर्षाने प्रस्ताव आला. बाग कुणी वापरत नाही, तेव्हा तिचं आरक्षण उठवा आणि जागा व्यापारी संकुलाला द्या.

स्वतःच कुलूप लावायचं आणि वर म्हणायचं, कुणी येत नाही. आत्या प्रस्ताव टाइप करत होती आणि तिचे दात करकरत होते.

त्या मंगळवारी शिट्टीकाकाची बायको हरकतीचा कागद घेऊन आली. शिपायाने तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. तासभर. शेवटी आत्या उठली, कागद घेतला आणि सभापतींच्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, मुदतीतली हरकत आहे. बाई बाहेर थांबल्यात."

सभापतींनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. फाइलखाली सारला.

"लिहा, हरकती निरंक."

म्हणजे एकही नाही.

आत्याने पेन टेकवलं...

आणि खालून शिट्टी वाजली.

लांब, शेवटी जराशी तुटलेली. आत्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ती शिट्टी तिने बावीस वर्षं ऐकली होती.

"कोण आहे रे? बघ जरा," सभापती म्हणाले.

शिपायाने खिडकीतून वाकून पाहिलं. "गेटला कुलूप आहे, साहेब. कुणी नाही."

"पोरं असतील. हं, लिहा. हरकती निरंक."

दुसरी शिट्टी...

ही खालून आली नाही. ही दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये वाजली.

शिपाई दार उघडून बघून आला. पॅसेजमध्ये फक्त ती बाई होती. बाकावर ताठ बसलेली, दोन्ही हात तोंडावर दाबलेले.

मग वास आला. जळक्या वायरचा. अभियंत्याने रुमाल नाकाला लावला. चौकशीचा अहवाल त्यानेच लिहिला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आणि मग आवाज गेले.

सगळे.

पंखा फिरत होता, पण घरघर नाही. सभापतींचे ओठ हलत होते, शब्द नाहीत. कुणाची तरी खुर्ची मागे पडली, तीही बिनआवाज.

त्या शांततेत आत्याला एकच गोष्ट ऐकू आली. अगदी कानामागे...

कुणीतरी छाती भरून श्वास ओढत होतं.

शिट्टी मारायच्या आधी ओढतात तसा.

आत्या म्हणते, भीती वाटायला हवी होती. पण तिला संताप आला. त्या अभियंत्याचा, त्या सभापतींचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या अकरा शिक्क्यांचा.

ती उभी राहिली. फाइलखालचा कागद ओढून काढला.

"हरकत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ऐकू आला. "मी वाचते."

तिने वाचलं. "माझा माणूस निष्काळजी नव्हता. निष्काळजी तुम्ही होता. तो गेला त्या जागेवर दुकानं बांधू नका. पोरांना आत येऊ द्या."

वाचून होईपर्यंत पंख्याची घरघर परत आली होती. तिसरी शिट्टी वाजली नाही.

सभापती म्हणाले, "बाई, तुमचं काम लिहायचं आहे. बसा खाली."

हात वर झाले. दोन मिनिटांत प्रस्ताव मंजूर.

आत्या खाली बसली आणि तिने लिहिलं. हरकत एक, अक्षरन् अक्षर. कागद फाइलखाली सारला तेही लिहिलं. पुढच्या सभेत नेहमीप्रमाणे कुणी वाचलं नाही. "इतिवृत्त कायम," म्हणून सभापतींनी सही ठोकली.

त्याच सहीच्या जोरावर बाईच्या वकिलाने कोर्टातून स्थगिती आणली. हरकत आलेली असताना ऐकली का नाही? कोर्टाने कौन्सिलला बजावलं, दोन्ही हरकतदारांना समक्ष बोलवा.

दोन्ही...

आत्याने वही उघडली. तिच्याच अक्षरात, तिच्याच शाईत लिहिलं होतं. हरकती : दोन. दुसरीपुढे नाव नाही. पत्ता मात्र आहे. बागेचा.

ती शपथेवर सांगते, तिने एकच लिहिली होती.

कोर्टाचा हुकूम, म्हणून नोटिसा दोन निघाल्या. एक बाईंच्या घरी. दुसरी शिपायाने कुलूपबंद गेटच्या गजातून आत सरकवली आणि मागे न बघता तो पळत आला.

परवा आत्याच्या टेबलावर दोन पोच होत्या. दोन्हींवर सही आहे.

सुनावणी याच महिन्यात आहे. अभियंता लांब रजेवर गेलाय. मी आत्याला म्हटलं, तूही रजा टाक, उगाच कशाला?

तिने नकारार्थी मान हलवली.

मग म्हणाली, "मी जाणार. तो आला तर त्याला बसायला खुर्ची द्यायला कुणीतरी हवं ना. जिवंत होता तेव्हा मी त्याला खिडकीत उभंच ठेवलं."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. शिक्का मारल्यासारखी ती मूठ मांडीवर आपटत होती.

रागाने की कशाने, ते मला अजून विचारवलेलं नाही.