दोन टिंबांचा शीन

बुधवार. जानेवारी महिना, रात्रीचे पावणेबारा. कॉलेजच्या हॉस्पिटलची जुनी इमारत, तळघरातला एक्स-रे विभाग. ड्यूटीवर एकटा इहाब, रेडिओग्राफीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. छातीचा एक फोटो काढायचा होता, पेशंटला खाली आणण्यासारखं नव्हतं, फिरतं मशीन वर न्यायचं होतं.

एवढंच काम.

शहराचं नाव सांगत नाही. नाईलच्या डेल्टातलं आहे, तेवढं पुरे. नाव घेतलं की कॉलेजचे वकील जागे होतात. पोरगी मेली तेव्हा मात्र सगळे झोपले होते. तुम्ही तिघंही उद्यापासून नाइटला लागणार, म्हणून सांगतो. चहा घ्या, गार होतोय. आणि इहाब माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, तेव्हा मध्ये हसायचं नाही.

फोनवर सिस्टर करीमा होत्या.

"इहाब, जागा आहेस की तुलाही पांघरूण घालायला येऊ?"

"जागा आहे, सिस्टर."

"मग ये लवकर. इथे आमच्या म्हाताऱ्या पेशंटना, हज्जना, दम लागलाय. आमचे डॉक्टरसाहेब म्हणतात फोटो बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. हज्ज म्हणतात, माझा लग्नातला फोटो दाखवा त्यांना."

इहाब हसला. मग म्हणाला, "लिफ्ट चालू आहे ना?"

"मशीन काय डोक्यावर घेऊन येणार आहेस, बाळा?" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या लिफ्टचं असं होतं. आदल्या रमजानमध्ये इहाबच्याच वर्गातली शाहन्दा त्या लिफ्टमध्ये गेली. बुरुल्लुस सरोवराकाठच्या मच्छीमाराची मुलगी. घराण्यात शाळेच्या पुढे गेलेली पहिलीच. दम्याचा त्रास होता, पण तेवढ्यासाठी काम अडवणारी नव्हती. संध्याकाळी वरच्या वॉर्डातला फोटो काढून ती मशीन घेऊन खाली येत होती. मगरिबची अजान झाली, आणि रोजा सोडायला अख्खी इमारत ताटावर बसली. लिफ्टवाले बस्यूनी काका समोरच्या फाटकात घेवड्याची उसळ आणि भाकरी खात होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दम्याचा पंप खाली, तिच्या पिशवीत.

लिफ्टमध्ये घंटीचं बटण होतं. घंटी तळघरात होती, डॉक्टर गलाल यांच्या खोलीच्या दारावर. ती वाजली नाही. दरवाजा उघडला तेव्हा शाहन्दाचा अंगठा बटणावर होता आणि नख मुळापासून उलटलं होतं.

कमिटी बसली. कमिटीने बटण दाबलं, घंटी खणखणीत वाजली. निकाल दिला: मुलगी घाबरली, तिला बटण दाबायचं सुचलं नाही. नखाबद्दल एक ओळ नाही. सह्या झाल्या, शिक्के झाले, गाड्या निघून गेल्या.

घंटी का वाजली नव्हती, हे दोनच माणसांना माहीत होतं. एक डॉक्टर गलाल, प्रॅक्टिकलचे प्रमुख. दुसरा इहाब.

रमजानच्या आधी एका दुपारी गलाल खोलीतून बाहेर आले होते, डोळे चोळत. लिफ्टमधली पोरंटोरं उगाच बटण दाबायची आणि त्यांची झोप मोडायची. "तू वायरमनचा मुलगा ना रे? बघ जरा या घंटीचं काहीतरी." इहाबने खिशातली पक्कड काढली आणि तार कापली. एका क्षणाचं काम. शाहन्दाला नेलं त्या रात्री गलाल पुन्हा आले. या वेळी डोळे चोळत नव्हते. "सकाळी कमिटी येतेय. घंटी वाजली पाहिजे." आणि जाता जाता म्हणाले, "तुझी शेवटची प्रॅक्टिकल माझ्याकडेच आहे, दोक्तूर इहाब."

दोक्तूर. रेडिओग्राफर काही डॉक्टर नसतो. पण इहाबच्या आईने गल्लीत तसं सांगून ठेवलं होतं, आणि भाजीवालीसुद्धा त्याला तीच हाक मारायची. इहाबने तार जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली.

तेव्हापासून तो मागच्या दाराने जा-ये करायचा. कारण पुढच्या फाटकावर शाहन्दाचा बाप बसलेला असायचा. रयिस मितवल्ली, होडीचा मालक. आठवड्याला एकदा मासळी विकायला शहरात यायचा आणि उरलेला दिवस त्या फाटकावर काढायचा. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला एकच विचारायचा, "बेटा, तिने घंटी दाबली होती का रे?" भांडायचा नाही, रडायचा नाही. फक्त हे विचारायचा. आणि बोटांमध्ये काहीतरी फिरवत राहायचा.

ते शिशाचं अक्षर होतं. एक्स-रेवाल्यांची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. फोटो काढणाऱ्याने कॅसेटच्या, म्हणजे फिल्मच्या चपट्या पेटीच्या, कोपऱ्यावर आपलं शिशाचं अक्षर चिकटवायचं. शिशातून किरण जात नाहीत, फिल्मवर अक्षर पांढरं उमटतं, आणि फोटो कोणी काढला ते कळतं. बाकीच्यांनी दुकानातून अक्षरं आणली. शाहन्दाला बापाने स्वतः ओतून दिलं, जाळ्याला लावायची शिशाची वजनं वितळवून. शीन, तिच्या नावाचं पहिलं अरबी अक्षर. तीन दाते, मागे शेपूट, डोक्यावर तीन टिंबं. पण साच्यातून काढताना एक टिंब तुटलं. बाप म्हणाला, दुसरं ओततो. ती म्हणाली, राहू दे बाबा, चटकन ओळखू येईल.

ती गेल्यावर हॉस्पिटलने तिच्या ओळखपत्राबरोबर ते अक्षर बापाला परत दिलं. तेव्हापासून ते त्याच्या खिशात.

तर त्या रात्री इहाबने मशीन लिफ्टमध्ये ढकललं. दोन कॅसेट मशीनच्या खाचेत ठेवल्या. रविवारी त्याची प्रॅक्टिकल होती. गलालसमोर उभं राहायचं, चार प्रश्न, आणि मग सुटका. बापाचं वायरींचं भेंडोळं नाही, शिडी नाही, सरकारी पगार. हेच मनात घोळवत त्याने तीन नंबरचं बटण दाबलं. जाळीचा दरवाजा सरकला. लिफ्ट निघाली.

पहिला मजला गेला.

दुसरा आला... आणि लिफ्ट थांबली.

दिवा गेला.

इहाबला आधी रागच आला. त्याने मोबाइल काढला. त्या लोखंडी पेटीत कधीच नेटवर्क नसतं, तेव्हाही नव्हतं. मोबाइलच्या उजेडात त्याने घंटीचं लाल बटण शोधलं आणि अंगठा टेकवला.

काही नाही.

जोरात दाबलं.

काही नाही. खाली तळघरात एवढासासुद्धा आवाज नाही. तार त्याने स्वतः जोडली होती. स्वतःच्या हाताने.

"सिस्टर," त्याने हाक मारली. "बस्यूनी काका. कोणी आहे का?"

काका तर संध्याकाळीच घरी जातात. ते त्याला ठाऊक होतं. तरी मारली.

मोबाइलचा उजेड विझला.

मग त्याला श्वास ऐकू आला. बारीक शिट्टी वाजावी तसा. आत घेताना शिट्टी. सोडताना शिट्टी. इहाबला वाटलं, आपलाच. घाबरल्यावर होतं असं. त्याने तोंड घट्ट मिटलं आणि स्वतःचा श्वास थांबवला.

शिट्टी चालूच होती.

तो मागे सरकला. पाठ लिफ्टच्या भिंतीला लागायला हवी होती. लागलं ते दुसरंच. थंड. सपाट. चौकोनी. पाठीच्या दोन्ही फऱ्यांवर बेतून धरलेलं. शेवटच्या वर्षाचा मुलगा तो... कॅसेट पाठीला लागल्यावर कशी लागते, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

कॅसेट तर मशीनच्या खाचेत होत्या.

"हनुवटी वर," कोणीतरी म्हणालं.

हळू आवाज. पेशंटशी बोलतात तसा. गोड. थकलेला.

"खांदे पुढे. हलू नका."

इहाबने हनुवटी वर केली. का केली, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"आता खोल श्वास घ्या."

त्याने घेतला.

"रोखून धरा."

त्याने रोखला.

अंधारात मशीनचा हिरवा दिवा लागला. एक बारीक गुणगुण... आणि टक्.

फोटो निघाला.

यापुढे एक शब्द असतो. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की तो विसरू नका, म्हातारी माणसं बिचारी श्वास धरून बसतात. आता सोडा. एवढाच.

तो शब्द येईना.

इहाब वाट पाहत राहिला. छाती भरलेली. त्याने श्वास सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. तोंड उघडलं. हवा बाहेर जाईना, आत येईना. बरगड्या जणू कोणी दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्या होत्या. कानात रक्त ठणकायला लागलं. अंगठा अजून बटणावर. तो दाबत होता. दाबत होता. नख वाकलं.

आणि कानाशी ती शिट्टी. अगदी जवळ. तीही वाट पाहत असल्यासारखी.

त्याच्या लक्षात आलं. हेच बटण. हीच जागा. तिने असंच दाबलं असणार.

भरलेल्या छातीतून, न सुटणाऱ्या श्वासातून त्याने शब्द ओढून काढले. फाटके.

"मी... कापली."

"गलालनी सांगितलं... पण पक्कड माझी... तार मीच कापली. तू दाबली होतीस... तू दाबलीच होतीस, शाहन्दा."

शिट्टी थांबली.

मग, हळूच...

"आता सोडा."

दिवा लागला. लिफ्टला हिसका बसला, आणि ती वर निघाली.

तिसऱ्या मजल्यावर सिस्टर करीमा जाळीपाशीच उभ्या होत्या. "काय रे, कैरोवरून येतोयस का?" म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "अडकला होतास? मग घंटी का नाही वाजवलीस?"

इहाबने अंगठा दाखवला. त्या कापूस घेऊन आल्या.

हज्जचा फोटो त्याने काढला. मशीनच्या खाचेत दोन्ही कॅसेट जागच्या जागी होत्या. वरची घेतली, काम केलं. उतरताना मशीन वरच ठेवलं आणि जिन्याने खाली आला. आधी घंटीची तार बघितली. चिकटपट्टी जिथे लावली होती त्याच्या वीतभर वर तार पुन्हा कापलेली होती. टोकं स्वच्छ, चकचकीत. एक मुलगी जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि कोणाची तरी दुपारची झोप परत मोडायला लागली होती. भुताखेतांचं राहू द्या हो, या गोष्टीची भीती वाटली पाहिजे माणसाला.

मग त्याने दोन्ही कॅसेट फिल्म धुवायच्या यंत्रात घातल्या. पहिलीवर हज्जची छाती. दुसरी न वापरलेली, कोरी निघायला हवी.

दुसरीवर एका तरुण माणसाची छाती होती. श्वास पूर्ण भरलेला, खांदे नीट पुढे घेतलेले, तसूभर हललेलं नाही. परीक्षकाने शंभरपैकी शंभर द्यावेत असा फोटो. डाव्या गळपट्टीचं हाड मध्येच वाकडं जुळलेलं. इहाब लहानपणी बापाबरोबर वायरिंग करताना शिडीवरून पडला होता, ते हे हाड.

आणि कोपऱ्यात पांढरं अक्षर.

सकाळी तो पुढच्या फाटकाने बाहेर पडला. तो मासळीचा दिवस होता. म्हातारा बसलेला होता.

"रयिस," इहाब म्हणाला, "घंटी बंद होती. मी बंद केली होती. तिने दाबली होती."

मितवल्ली त्याच्याकडे बघत राहिला. एखाद्याने थोबाडीत दिली असती. इहाब त्यासाठी तयार होऊनच उभा होता.

"दाबली होती ना?"

"दाबली होती."

"माझी पोरगी घाबरट नव्हती," म्हातारा म्हणाला. "अर्ध्या रात्री होडी वल्हवायची. एवढंच मला कॉलेजकडून ऐकायचं होतं." मग बोटांतलं अक्षर मुठीत धरून म्हणाला, "तुझं तू बघ आता. मी तुला माफ करीन असं वाटत नाही."

इहाबने कमिटीला लेखी दिलं. सही केली, पक्कड टेबलावर ठेवली, तारेचा तुकडा ठेवला, फिल्म ठेवली. गलाल म्हणाले, अक्षर काय, कॉम्प्युटरवर कोणीही टाकेल. त्यांच्याच विभागातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी फिल्म उजेडाला धरली. टाइप केलेलं अक्षर सरळ असतं, म्हणाले, हे तिरकं आहे, कडेला जाडीची सावली आहे. हे शिसं आहे. त्यानंतर त्या मास्तरांना कमिटीत पुन्हा बोलावलं नाही.

रविवारी इहाब नापास झाला. बापाबरोबर वायरिंग करतो सध्या. भाजीवाली अजून दोक्तूर म्हणते, पण आता चिडवायला. गलाल वरच्या पदावर गेले, त्यांची खोली आता दुसऱ्या मजल्यावर, शांत.

तार दुसऱ्यांदा कोणी कापली, ते कॉलेजने सांगितलेलं नाही. आणि फिल्म इहाबच्या घरी, कपाटात आहे. मितवल्लीने खिशातलं शिसं काढून त्या पांढऱ्या अक्षरावर ठेवलं होतं, ते बघायला मी होतो. तंतोतंत बसलं, कडेने कुठेही बाहेर आलं नाही. दाते तीन, टिंबं दोन.

त्या बुधवारी रात्री म्हातारा सरोवरावर होता. जाळं पाण्यात, आणि शीन त्याच्या खिशात.