पाठीतली खिडकी

माझा मामा शिल्पकार. त्या दिवशी मी त्याच्या कारखान्यात गेले ती नेहमीच्याच कामाला. ब्राँझमध्ये ओतलेल्या नहाणाऱ्या बाईच्या पुतळ्याच्या पोटातली माती उकरून काढायची होती. असे पुतळे आतून पोकळ असतात. माती काढायला पाठीत तळहाताएवढी खिडकी ठेवतात आणि शेवटी ती पत्र्यानं बुजवतात. ओतण्याआधी मेणाचा थर मीच बोटांनी लावते; भट्टीत मेण वितळून त्याच्या जागी ब्राँझ येतं, त्यामुळे आत हात घातला की माझेच ठसे लागतात.

या पुतळ्यासाठी नमुना म्हणून मामी बसली होती. पुतळा ओतला त्या दिवसापासून तिला धाप लागायची. दारं उघडा म्हणायची, आणि दारं तर सताड उघडी असायची. मामा ते हसण्यावारी न्यायचा.

मी हात घातला. भट्टीतून निघालेली माती पिठासारखी कोरडी हवी, ती ओली लागली. बंद न्हाणीघरासारखा साबणाचा वास आला. चाचपडत बोटं खिडकीच्या कडेशी आली आणि थांबली. तिथं ठसे होते. माझ्या बोटांपेक्षा बारीक... बाहेर यायला कुणी आतून कडा घट्ट धरावी, तसे.

मामाला सांगितलं. त्यानंही हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला की मेण कधीकधी असं ओघळतं. पण हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात मामी दारात आली. अनवाणी, भिंतीला धरून.

"अहो, ती खिडकी बंद नका करू..." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मी कुठे आहे, तेच मला कळत नाहीये."

मामानं तिला हळुवार खुर्चीत बसवलं, अशक्तपणा आहे म्हणून समजूत घातली. आणि खिडकीवर पत्रा स्वतः डाग देऊन बसवला. शेवटचा सांधा मिटला तशी मामीनं लांब श्वास घेतला, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, बरं वाटतंय आता.

तेव्हापासून ती ठणठणीत आहे. धाप नाही, तक्रार नाही. मामा खूश आहे.

काल मी त्यांच्याकडे होते. मामी नहायला गेली. तांब्याचा, पाण्याचा आवाज मी बाहेरून ऐकत होते. मग तिनं केस पुसायला मला हाक मारली. मी तिचे लांबसडक केस पंच्यात गुंडाळून पिळले, पुन्हा पिळले. पंचा कोरडाच राहिला.

मामीनं मान वळवली नाही.

"ओले झालेत ना गं?" तिनं हळूच विचारलं.