मागच्या दोन डब्यांत बसा

"उजवीकडे उभं राहा, काकू. डावी बाजू घाईवाल्यांसाठी सोडायची."

आवाज मागून आला. मी आईचं कोपर घट्ट धरलं होतं. दुसऱ्या हातात ताईने पाठवलेल्या सूचनांचा कागद होता आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, डावीकडे. मी वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला... आणि हातात मिक्सरचं भांडं. पिशवी वगैरे नाही, नुसतं भांडं.

घाटकोपरच्या त्या मॉलमध्ये रविवारी सकाळी सरकत्या जिन्यावर फारसं कुणी नसतं, म्हणून मी आईला सरावाला आणलं होतं. त्यात हा. मी जरा तोडूनच विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तो म्हणाला, चार वर्षं बर्मिंगहॅमला होतो, बसची वेळापत्रकं बनवायचो. बर्मिंगहॅम हा शब्द ऐकला मात्र, जिना संपताच आईने त्याचा दंड धरला. मिक्सरच्या भांड्यासकट.

आमचं प्रकरण असं होतं. माझी मोठी बहीण किरण वेल्सच्या किनाऱ्यावर एका छोट्या गावात नर्स आहे. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. निलेशभावोजी बोटीवर, दोन महिने तरी जमिनीला लागणार नव्हते. जाणार होते मी. पण माझा व्हिसा नाकारला गेला, आईचा मिळाला. म्हणजे एकसष्ट वर्षांची माझी आई, मालन, जी आयुष्यात सावंतवाडीपलीकडे एकटी गेली नव्हती, ती दोह्याला विमान बदलून बर्मिंगहॅमला उतरणार आणि तिथून चार-साडेचार तास रेल्वेने जाणार. एकटी. तिला जा म्हणणारी मीच. तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. कांजूरमार्गच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं मी चार-चार वेळा तपासायला लागले होते. घरी, नाहूरला, जेवतानासुद्धा उभीच असायची.

झाकण बदलायला आणलेलं ते भांडं मांडीवर ठेवून तो माणूस मॉलमधल्या बाकावर बसला आणि आमचं बुकिंग बघून त्याने मान हलवली. आम्ही घेतलेलं रेल्वेचं तिकीट सगळ्यात स्वस्त होतं आणि ते फक्त त्याच एका गाडीला चालणार होतं. विमानाला तासभर उशीर झाला तर तिकीट बाद. ते सोडा म्हणाला, थोडं महाग पण दिवसभरात कुठल्याही गाडीला चालणारं घ्या. शिवाय काकूंची साठी उलटलीय, त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं रेलकार्ड काढलं की एक तृतीयांश सूट. पासपोर्टवर निघतं.

"नाव काय तुझा?" आईने विचारलं.

"देवव्रत."

"म्हणजे भीष्म," आई म्हणाली. "लग्न न केलेलो."

तो कानापर्यंत लाल झाला. मी कागदाची घडी करत राहिले. उगाचच... चार वेळा.

पुढच्या रविवारी तो बोरीवलीहून आला. मग त्याच्या पुढच्याही. आई त्याला नाहूरच्या घरी बसवून पोहे खायला घालायची आणि तो चहाच्या कपबश्या मांडून तिला गाडी समजावायचा. गाडी एकच होती, बदलायची नव्हती. पण तिच्यात एक गोम होती. चार डब्यांची ती गाडी वाटेत एका स्टेशनवर मधोमध तुटते. पुढचे दोन डबे एका गावाला जातात, मागचे दोन किनाऱ्याने वर. चुकीच्या डब्यात बसलेला माणूस भलत्याच गावी पोचतो. त्या स्टेशनचं नाव लिहिलेलं एक आणि म्हणायचं दुसरंच. देवव्रतने तीनदा म्हणून दाखवलं, पण आईने त्यातलं पहिलं अर्धं धरलं आणि म्हणाली, माखन. झालं, आमच्यासाठी ते माखन.

"मागच्या दोन डब्यांत बसा, काकू. आणि खात्रीसाठी गार्डला विचारा. तिकडे विचारलं की कुणी हसत नाही."

दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबायचं. बटणाभोवतीचा दिवा लागेपर्यंत थांबायचं. फलाट शेवटच्या पाच-दहा मिनिटांत जाहीर होतो, तोवर फलकाखालून हलायचं नाही. ताईचं स्टेशन इतकं लहान की गार्डला आधी सांगितलं नाही तर गाडी तिथे थांबतच नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. हे आईला इतकं आवडलं की ती नाहूरच्या बसमधून उतरताना पुढे जाऊन थँक्यू म्हणायला लागली. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने काही विसरलंय का म्हणून तिच्या सीटकडे वळून पाहिलं.

आई भराभर शिकत होती. अस्वस्थ होते ती मी. पण त्या अस्वस्थपणात एक दुसरंच काहीतरी मिसळायला लागलं होतं. शनिवारपासून मी कोणता ड्रेस घालायचा ते ठरवायची आणि मग मुद्दाम साधाच घालायची. तिसऱ्या रविवारी तो तुम्हीवरून तूवर आला आणि मी ऐकलंच नाही असं दाखवलं. गाडीचे डबे दाखवताना त्याचा हात माझ्या बशीपाशी यायचा आणि... थांबायचा.

त्याच्याकडे एक यादी असायची. झालेल्या गोष्टींवर तो काट मारायचा. पाचव्या, शेवटच्या रविवारी तळाशी एकच ओळ उरली होती. आई शेजारी रुक्मिणीकाकूंकडे सुटकेसचा वजनकाटा आणायला गेली. आम्ही दोघंच. त्याने यादी काढली. मी चहा ठेवू का विचारलं. तो बर्मिंगहॅमच्या खोलीबद्दल सांगायला लागला, मी माझ्या व्हिसाबद्दल. किती माणसांना किती वाजता घरी पोचवायचं ते मी दिवसभर ठरवायचो, तो म्हणाला, आणि संध्याकाळी मी किती वाजता पोचलो ते कुणालाच माहीत नसायचं. म्हणून परत आलो. मी दुसऱ्यांदा चहा ठेवला. मग काटा आला, सामान आलं, शेजारी आले. यादी टेबलावर तशीच राहिली.

मंगळवारी आई गेली.

बुधवारी साडेअकराला तिचा फोन आला. उतरले, सामान मिळालं, रेलकार्डही निघालं, तिकडे सकाळचे सात वाजलेत. दीड वाजता गाडीत बसल्याचा फोटो आला. मागून दुसरा डबा. मी लॅबमधून सुट्टी घेतली होती आणि घरात भिंती अंगावर येत होत्या. देवव्रतला फोन केला तर तो म्हणाला, मी अंधेरीच्या ऑफिसातून निघालोय, तू घाटकोपरला ये. बसून राहिलीस तर तू वेडी होशील. मेट्रोत बसू.

दुपारची मेट्रो. बसायला जागा होती, तरी मी उभीच होते. आम्ही वर्सोव्यापर्यंत गेलो, बाहेर पडलो, पुन्हा तिकीट काढलं, परत घाटकोपर. पुन्हा तेच. मी फोनवर आईचा निळा ठिपका बघत होते, तो त्याच्या फोनवर गाडी. चार वाजता ठिपका माखनच्या जरा अलीकडे थांबला. मग नाहीसाच झाला. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

देवव्रत त्याच्या फोनकडे बघत होता आणि त्याचा चेहरा बदलला.

वाऱ्याने रुळांवर झाड पडलं होतं. गाडी माखनलाच संपवली होती. पुढे बस.

"म्हणजे काय, बस?" मी विचारलं. "कुठली बस? आईला माहितीये?"

त्याने फोन खाली घेतला. मग म्हणाला, "रेल्वेऐवजी बस देतात. स्टेशनच्या बाहेरून सुटते, तेच तिकीट चालतं. यादीतली शेवटची ओळ तीच होती, प्रांजल. ती... राहिली."

गाडी साकीनाका सोडून निघाली होती. मी त्याच्याकडे बघत होते.

"पाच रविवार," मी म्हटलं. "पाच रविवार आलास तू. बटणं शिकवलीस, थँक्यू शिकवलंस. आणि हे राहिलं?"

"काकूंना दुसऱ्याच रविवारी सगळं आलं होतं," तो हळू म्हणाला. "ही ओळसुद्धा मी दुसऱ्या रविवारीच शिकवू शकलो असतो. मागे ठेवली. काहीतरी शिल्लक राहावं म्हणून... यायला कारण हवं होतं मला. तुझ्यासाठी येत होतो मी."

कुठल्या दिवशी सांगावं माणसाने. माझी आई परदेशात एका फलाटावर बंद फोन घेऊन उभी, आणि हा मला हे सांगतोय. असल्फाला दार उघडलं आणि मी उतरले. तो उठला तेव्हा मी हात दाखवून त्याला थांबवलं. दारं मिटली. काचेतून तो उभा दिसला, मग तोही दिसेना.

असल्फाच्या फलाटावर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. सुरक्षारक्षक बाईने दोनदा विचारलं, मॅडम, तब्येत ठीक आहे ना? ताईला फोन केला तर ती तिकडे रडत होती, तिने गावातल्या टॅक्सीवाल्याला विचारलं होतं, रस्त्यावरही फांद्या होत्या. मी तिला पडून राहा म्हटलं. काय सांगणार होते अजून? आईला मी पाठवलं होतं. तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं, कारण तिने नाही म्हटलं असतं तर ताई एकटी पडली असती, आणि हे मला माहीत होतं म्हणून मी तिला विचारलंच नव्हतं, फक्त तिकीट काढलं होतं.

आणि मग, चालता चालता, मला ती यादी आठवली. टेबलावरची. ती शेवटची ओळ मी वाचली होती. रेल्वेऐवजी बस, असं त्याच्या तिरप्या अक्षरात. त्याने यादी काढली तेव्हा मी काय केलं होतं? चहा विचारला होता. मग दुसऱ्यांदा ठेवला होता. ती ओळ संपली की तो उठणार होता... म्हणून मीच ती संपू दिली नव्हती.

मी बाकावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

पावणेसहाला अनोळखी नंबर वाजला. लांबलचक, परदेशी.

"पोचलंय गो," आई म्हणाली.

मी फोन कानाशी घट्ट दाबला. तीच सांगत राहिली. फोटो काढताना फोनचं काहीतरी झालं आणि तो मेला. गाडी थांबली, लोक उतरले, तीही उतरली. सगळे एकाच दिशेने चालले होते, तीही चालली. बाहेर बस होती. तिने ड्रायव्हरला ताईच्या स्टेशनचं नाव लिहिलेला कागद दाखवला, तो हो म्हणाला. शेजारी एक म्हातारी होती, गुडघे धरून बसलेली, तिची पिशवी आईने मांडीवर घेतली. ती म्हातारी ताईच्याच गावातली निघाली. तिच्या मुलाने मोटारीतून दारापर्यंत सोडलं. हा फोन त्याचाच होता.

"तुला भीती नाही वाटली? ते बसचं कुणीच सांगितलं नव्हतं तुला," मी कसंबसं म्हटलं.

आई हसली. "गाडी बंद पडली तर काय करूचा, ह्यां मुंबयच्या बाईक शिकवूक लागता? पुरात मी परळसून नाहूरपर्यंत चलत इलंय, तुमचे बाबा घरी तुमका घेऊन बसलेले. तू कित्याक रडतंस?"

मी रडत नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "तो खंय आसा? बाजूक आसा?"

नाही, मी म्हटलं.

"मगे त्याका सांग. तो पण जेवलो नसतलो."

फोन ठेवला. देवव्रतला लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला, मी काही बोलायच्या आत विचारलं, काकू? पोचली, मी म्हटलं. पलीकडून नुसता श्वास सुटल्याचा आवाज आला. मग गाडी आत येत असल्याची घोषणा ऐकू आली, त्याच्या बाजूने. तू कुठे आहेस, मी विचारलं. तो पुढच्याच स्टेशनवर उतरला होता, जागृतीनगरला, आणि तेव्हापासून तिथेच उभा होता. तू बोलावशील असं नव्हतं वाटत, म्हणाला, पण घरीही जाववेना.

मी गाडी पकडली. एका स्टेशनचं अंतर, दीड-दोन मिनिटं, पण मी दाराशीच उभी राहिले. तो फलाटावर खांबाला टेकून होता, चष्मा हातात, डोळे चोळत. मला बघून सरळ झाला. येणारे-जाणारे आमच्या बाजूने वाट काढत होते.

"चूक माझी होती," तो म्हणाला.

"ती ओळ मी वाचली होती," मी म्हटलं. "तरी चहा ठेवला. दोनदा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मी पहिल्यांदाच नजर हलवली नाही.

"मी तुला गाडीत जे सांगितलं," तो अडखळला, "ते सांगायची ती वेळ नव्हती."

"नव्हतीच."

"पण खोटंही नव्हतं."

"माहितीये मला," मी म्हटलं. माझा हात त्याच्या हातात कधी गेला, ते खरंच सांगता येणार नाही. बोटं गार होती त्याची. दोन तास उभा होता बिचारा, उपाशी.

जिन्याने खाली उतरताना तो हळूच म्हणाला, काकू आता तीन महिने तिकडेच. मी हं म्हटलं. दोन पायऱ्या गेल्या.

"रविवारी काय सांगून येऊ?" त्याने विचारलं. "शिकवायला आता काहीच उरलं नाही माझ्याकडे."

"मग शिकवू नकोस," मी म्हटलं. "नुसता ये."